हसणाऱ्या मुलांचे गांभीर्य

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला असाध्य व्याधी जडली, की आपल्या घरांत प्रथम सुरू होते ती कुजबुज. डॉक्टरांशी बोलणे दाराआड, तपासणीचे कागद कपाटात, आणि मुलासमोर ‘सारे ठीक होईल’ हे एकच वाक्य. बडोद्याच्या वाडीसारखी जुनी वस्ती असो की कोकणातील एखादी आळी, रीत सारखीच. हेतू मायेचा असतो, यात शंका नाही. परंतु आईचे सुजलेले डोळे पाहून मूल काय ते ओळखते आणि तिला दुःख नको म्हणून तेही गप्प राहते. दोन्हीकडील मायाच मग दोघांना एकाकी करते.

ही कोंडी पुष्कळदा ते मूलच विनोदाने फोडते. औषधांनी केस गेल्यावर ‘न्हाव्याचे पैसे वाचले’ असे म्हणणारा मुलगा अजाण नसतो. ‘मला सारे ठाऊक आहे, तुम्हीही आता मोकळेपणाने बोला,’ एवढेच त्याला सुचवायचे असते. अशा वेळी ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणून त्याला दटावणे हा त्याच्या धैर्याचा अपमान होय.

मराठी माणसाला हे धैर्य अपरिचित नाही. नवसारीस जन्मलेले राम गणेश गडकरी १९१९ साली सावनेर येथे क्षयाने निवर्तले, तेव्हा त्यांचे वय अवघे तेहतीस होते. त्या अखेरच्या दुखण्यातच त्यांनी ‘भावबंधन’ पुरे केले आणि त्यातील धुंडिराजाने पुढे महाराष्ट्राला पोट धरून हसविले.

तथापि विनोदाची थोरवी गाऊन समाजाला आपले कर्तव्य टाळता येणार नाही. वेदनेने तळमळणारे मूल हसणार कसे? आधी वेदना शमली पाहिजे. हे जाणूनच सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषालय उघडले. खास मुलांसाठी ऑक्सफर्ड येथे हेलन हाऊस १९८२ मध्ये निघाले. आपल्याकडे डॉ. लुइस डिसूझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्यास शांती आवेदना सदन स्थापन केले. त्याची शाखा गोव्यात लोटली येथेही आहे. मुलांसाठीचे हॅपी फीट होम मुंबईत सुरू होण्यास मात्र २०१४ साल उजाडावे लागले. एवढ्या विशाल देशात अशी स्थाने किती तुरळक!

मॉर्फिनची कथाही अशीच. परवान्याने अफू पिकविणाऱ्या आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील जाचक अटींमुळे रुग्णालाच ते दुर्मीळ झाले. २०१४ मध्ये कायदा सुधारला; पण कायद्यातील सवलत रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचली तरच तिला अर्थ.

बालवयातील अनेक कर्करोग आज बरे होतात. तेथे आशा व उपचार सोडण्याचे कारण नाही, आणि वेदनाशमन उपचारांबरोबरच चालू शकते. जेथे उपाय संपतात, तेथेही शुश्रूषा संपत नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन, प्रशिक्षित परिचारिका आणि कुटुंबाशी शांतपणे बोलणारा माणूस असावा, ही मागणी अवास्तव नव्हे. या वयाच्या मुलांना मित्र हवे असतात, क्रिकेटचे सामने हवे असतात, अर्धवट राहिलेला अभ्यासही हवा असतो. त्यांच्यावर शौर्याची सक्ती नको. ज्या दिवशी रडू येईल, त्या दिवशी रडण्याची मुभा हवी. आणि ज्या दिवशी ती हसतील, त्या दिवशी वडीलधाऱ्यांनी डोळे पुसून त्यांच्याबरोबर हसावे. मरणाला कोणी थांबवू शकत नाही. मुलाला एकटे न सोडणे मात्र आपल्या हाती आहे.