संसार मोडला, पण ऋण?

न्यायालय विवाहबंधन तोडूं शकतें. पतिपत्नींनीं मिळून काढलेलें कर्ज मात्र त्या निवाड्यानें तुटत नाहीं. वऱ्हाडांतील यवतमाळकर हिंदूंना घटस्फोटाचा कायदा १९५५ सालीं मिळाला. ऋणाचा कायदा त्याहून पुष्कळ जुना, १८७२ चा. त्या करार कायद्याच्या ४३ व्या कलमान्वयें, उलट ठराव नसल्यास, धनको संयुक्त ऋणकोंपैकीं कोणाही एकाकडे सर्व रक्कम मागूं शकतो. ‘कर्ज पतीनें फेडावें’ हें तडजोडपत्रांतील वाक्य त्या दोघांपुरतेंच. बँकेस तें बांधीत नाहीं. पतीनें हप्ते चुकविल्यास पुसदला माहेरीं परतलेल्या शिक्षिकेच्या दारीं मागणी येऊं शकते. आपल्या वांट्याहून अधिक भरलेलें पतीकडून मागण्याचा हक्क तिला आहे. पण त्यासाठीं पुन्हां दावा आलाच.

क्रेडिट कार्डाची रीत निराळी. जोडकार्डावर पत्नीनें केलेल्या खर्चाची जबाबदारीही मूळ कार्डधारकावरच असते. पत्नी मूळ धारक असेल, तर पतीच्या खर्चाची तिच्यावर.

यास्तव सुज्ञ वडीलधाऱ्यांनीं पोटगी व दागिने यांच्याच याद्या करून थांबूं नये. संमतीपत्रावर सही होण्यापूर्वीं जोडकार्डें बंद करवावीं, संयुक्त कर्ज फेडावें किंवा बँकेच्या लेखी संमतीनें एकाच्याच नांवावर करून घ्यावें. मनें दुरावलीं, तरी हिशेब स्वच्छ राहूं शकतो.