मोफत, मुक्त आणि विकत

मुंबई-आग्रा महामार्गाला पुणे रस्ता जेथे मिळतो, त्या नाशिकच्या द्वारका परिसरात लग्नपत्रिका, अर्ज, दस्तऐवज जुळवून देण्याचे दुकान थाटू पाहणाऱ्याने मराठी मजकुराचे सॉफ्टवेअर विकत घ्यावे की फुकट मिळते ते वापरावे, हा प्रश्न वरवर जमाखर्चाचा भासला, तरी त्याचे मर्म मजकुराच्या मालकीत आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी विकतची. अक्षरवळणांची समृद्धी हा तिचा निर्विवाद गुण, आणि छपाईच्या धंद्यातील तिचा लौकिक उगाच नव्हे. परंतु तिच्या जुन्या टंकांची संकेतपद्धती स्वतंत्र असल्यामुळे, त्यांत जुळवलेला मजकूर ते टंक नसलेल्या संगणकावर उघडला की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा अर्थशून्य खच पुढे येई. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्थान देणाऱ्या युनिकोड या सामायिक संकेतपद्धतीने ही अडचण मुळातच दूर केली.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दामुळे होणारा घोटाळा सुदैवाने मराठीत होत नाही: मोफत म्हणजे मोल नसलेले, मुक्त म्हणजे बंधन नसलेले. ‘एक टाइप’ या टंकरचनाकारांच्या संस्थेचा ‘मुक्त’ हा टंक दोन्ही आहे, छापा, वाटा, हवा तर बदला, फक्त सुटा टंक विकण्यास मनाई.

मात्र मुक्त साधन अडले असता फिर्याद न्यावी कोठे? विकतच्या मालात निदान पावती दाखवून भांडता येते. म्हणून ऐन लग्नसराईत ज्याला एका दिवसाचीही खोटी परवडत नाही, त्याने सजावटीपुरता विकतचा संच खुशाल घ्यावा. दप्तर मात्र युनिकोडातच ठेवावे.