मूळ अर्थाचा शोध : चू शी आणि ‘ई चिंग’

चीनच्या पाच अभिजात ग्रंथांत ‘ई चिंग’, म्हणजे ‘परिवर्तनांचा ग्रंथ’, यास अग्रस्थान दिले जाते. कन्फ्यूशियसच्या परंपरेने त्यास धर्मग्रंथाचा मान दिला. परंतु त्याचा आरंभीचा उपयोग शकुन पाहण्याचा होता. अशा ग्रंथाचा अर्थ लावताना भाष्यकाराने कोणती मर्यादा पाळावी, हा प्रश्न बाराव्या शतकात चू शी (११३०–१२००) या पंडिताने मोठ्या सडेतोडपणे मांडला. शास्त्रपाठाचे विवरण हे ज्यांचे नित्यकर्म आहे, त्या पाळकांना व धर्मशिक्षकांना त्याची पद्धत विचारार्ह वाटेल.

प्रथम ग्रंथाची रचना पाहू. अखंड व खंडित अशा दोन प्रकारच्या रेषा असतात. सहा रेषांची एक आकृती होते. अशा आकृत्या ६४ व त्यांतील रेषा ३८४. प्रत्येक आकृतीस व प्रत्येक रेषेस एकेक त्रोटक वचन जोडलेले आहे, आणि या सर्वांवर ‘दहा पंख’ नावाची दहा विवरणे आहेत. परंपरा असे सांगते की, मूळ आकृत्या फू शी या आदिपुरुषाने, आकृतींची वचने राजा वन याने, रेषांची वचने त्याच्या पुत्राने व विवरणे कन्फ्यूशियसने रचली. कौल घेणारा एका वनस्पतीच्या ५० काड्या घेई, एक बाजूस ठेवी आणि उरलेल्या ४९ काड्यांची विभागणी करी. तीन विभागण्यांतून एक रेषा मिळे व अठरांतून संपूर्ण आकृती सिद्ध होई.

चू शीपूर्वीच्या थोर भाष्यकारांनी या शकुनविधीस गौण लेखले होते. वांग बी (२२६–२४९) याने ग्रंथातील तत्त्वविचारावर भर दिला. चंग ई (१०३३–११०७) याने प्रत्येक रेषेत राजा, मंत्री व सज्जन यांच्यासाठी नीतीचा धडा पाहिला. त्यांच्या हातातील प्रतीत काही विवरणे मूळ वचनांमध्येच विभागून घातलेली होती. त्यामुळे वचन कोठे संपते व भाष्य कोठे सुरू होते, याचे भान वाचकास सहसा राहत नसे.

चू शी हा चंग ईच्याच विचारपरंपरेतील असून त्याचा मोठा आदर करी. तरीही त्याचे म्हणणे असे की, चंग ईचा उपदेश उत्तम असला तरी तो या वचनांचा प्रथम अर्थ नव्हे. हा ग्रंथ कौल घेण्यासाठी निर्माण झाला, हे मान्य केल्यावाचून त्यातील भाषा उलगडत नाही. म्हणून आपल्या भाष्यास त्याने ‘मूळ अर्थ’ असेच नाव दिले, विवरणे मूळ पाठापासून वेगळी काढलेली प्रत स्वीकारली, आणि फू शी, राजा वन व कन्फ्यूशियस यांचे ‘ई’ निरनिराळे वाचावेत, असे शिष्यांना बजावले.

एक उदाहरण पुरेसे आहे. पहिल्याच आकृतीच्या वचनात युआन, हंग, ली, चन असे चार शब्द आहेत. एका विवरणात त्यांचे चार सद्गुण केलेले आहेत. चू शी म्हणतो, मूळ वचनात चार सद्गुण नाहीत. कौल घेणाऱ्यास मोठे यश मिळेल, मात्र त्याने सन्मार्गावर दृढ राहणे हिताचे, एवढाच त्याचा आशय. चार सद्गुणांचा विचार त्याने नाकारला नाही. तो नंतरचा आहे, एवढेच दाखवून दिले.

मग नीतीचे काय? चू शीच्या मते ती कौलातच अंतर्भूत आहे. त्यासाठी तो इ. स. पू. ५३० मधील नान ख्वाइ याची कथा स्मरतो. आपल्या धन्याविरुद्ध बंड योजणाऱ्या या मनुष्यास अत्यंत शुभ कौल मिळाला. तेव्हा एका जाणत्याने त्यास सांगितले की, हा कौल निष्ठेच्या कार्यासच लागू पडतो. त्याने बंड केले व ते फसले. शुभ वचनही दुष्ट हेतूच्या स्वाधीन होत नाही, हे यातले मर्म.

ही निष्ठा चू शीने स्वतःच्या आयुष्यातही पाळली. ११९५ साली दरबारातील सत्ताधीशाविरुद्ध त्याने आवेदन लिहिले. ते पाठविल्यास अनर्थ होईल, या भीतीने शिष्यांनी त्यास कौल घेण्याची गळ घातली. ‘माघार’ या अर्थाची आकृती आली. त्याने मसुदा जाळून टाकला. त्याच्या शिकवणीस ‘खोटी विद्या’ ठरवून तिच्यावर बंदी आली होती, अशाच काळात तो मरण पावला. पुढे १४१५ साली मिंग राजवटीने चंग ई व चू शी यांची भाष्ये एकत्र छापविली, तेव्हा चू शीचे भाष्य कापून चंग ईच्या क्रमात बसविले गेले. ज्याने पाठ व विवरण निराळे केले, त्याच्याच ग्रंथाची ही गत झाली. १७१५ च्या शाही आवृत्तीत तो क्रम पूर्ववत करण्यात आला.

चू शी निर्दोष नव्हता. त्याच्या ग्रंथारंभी फू शीच्या नावाने दिलेल्या आकृतिरचना वस्तुतः सुंग काळातील होत्या, हे पुढील चिनी संशोधकांनी दाखविले. तशीच एक रचना बूव्हे या येशूसंघीय मिशनऱ्याने १७०१ साली पेकिंगहून लाइब्निट्स या तत्त्वज्ञाकडे पाठविली. बूव्हेला ‘ई चिंग’मध्ये ख्रिस्ती रहस्ये गुप्तरूपाने दिसत, आणि फू शी म्हणजे हनोखच असे तो मानी. हेतू प्रेमाचा होता. पण ग्रंथाकडून त्याने स्वतःचेच शब्द वदवून घेतले. उलटपक्षी, अस्थिलेखांच्या अभ्यासाने आज बहुतेक विद्वान ‘चन’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘कौल घेणे’ असा करतात, आणि १९७३ साली मावांगद्वी येथील थडग्यात सापडलेल्या रेशमी प्रतीत आकृत्यांचा क्रमही निराळा आहे. शकुनाविषयी चू शीचा दावा त्यामुळे बळकटच झाला. तो स्वतः ‘चन’चा अर्थ ‘दृढ’ असा करी, एवढे मात्र मागे पडले.

शकुन पाहणे आपल्या पवित्र शास्त्राने निषिद्ध केले आहे (अनुवाद १८), तेव्हा तो विधी आपल्या अनुकरणाचा विषय नाही. परंतु वचन प्रथम कोणी, कोणास व कशासाठी उच्चारले हे विचारावे, पुढील पिढ्यांनी त्यात जे पाहिले त्याचा मान राखावा, आणि दोहोंची गल्लत करू नये, ही शिस्त व्यासपीठावर उभे राहणाऱ्या प्रत्येकास हवी. आपला उपदेश सुंदर आहे एवढ्यावरून तो त्या शास्त्रपाठाचा उपदेश ठरत नाही.