घाव बसला, इजा मात्र शून्य!

वीस बाजूंचा फासा टेबलावर गरगरत थांबतो. आकडा पडतो १८. तलवारीचा घाव समोरच्या लांडगामानवावर अचूक बसतो. खेळाडू जल्लोष करणार, तोच सूत्रधार सांगतो, 'घाव बसला, पण इजा शून्य.' आणि वादाला तोंड फुटते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात असे वाद नवे नाहीत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा अमेरिकी खेळ १९७४मध्ये प्रसिद्ध झाला. खेळाडू योद्धा, जादूगार अशा भूमिका घेतात, तर 'डंजन मास्टर' म्हणजे सूत्रधार उरलेले सारे जग चालवतो. लढाईचा निकाल फासे आणि नियमपुस्तक यांवर ठरतो. अनेक महिने जोपासलेले पात्र जगणार की मरणार, हे कधी कधी नियमातील एका ओळीच्या अर्थावर अवलंबून असते. 'इम्युनिटी' अर्थात अभेद्यतेची ओळ ही त्यांपैकीच एक.

नियम काय सांगतो?

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत इजेचे प्रकार ठरलेले आहेत. आग, थंडी, विष यांच्याबरोबरच शस्त्रांमुळे होणारे ठेचणे, भोसकणे आणि कापणे हे तीन प्रकार त्यात येतात. एखाद्या प्रकाराला 'रेझिस्टन्स' असेल तर इजा निम्मी होते, 'व्हल्नरेबिलिटी' असेल तर दुप्पट आणि 'इम्युनिटी' असेल तर शून्य.

खरी मेख असते ती अटींमध्ये. या आवृत्तीतील लांडगामानवाला ठेचणे, भोसकणे आणि कापणे यांपासून संरक्षण आहे. पण ते केवळ जादूविरहित हल्ल्यांपुरते आणि शस्त्राला चांदीचा मुलामा नसेल तरच. त्यामुळे जळत्या घरात तो होरपळतो. कड्यावरून ढकलला गेला तरीही त्याला इजा होते. पडल्यामुळे होणारी इजा 'ठेचण्या'तच मोडते हे खरे. मात्र पडणे म्हणजे 'हल्ला' नव्हे. 'याला ठेचण्याची इजा होतच नाही' असे म्हणणारा सूत्रधार अर्धीच ओळ वाचत असतो. हिरण्यकशिपूच्या वराची कथा ठाऊक असलेल्या वाचकाला यात नवल वाटू नये. वर कितीही भक्कम असला, तरी त्याची व्याप्ती शब्दांपुरतीच असते.

दुसरा घोळ घाव आणि इजा यांच्यात होतो. अभेद्यता इजा रोखते, घाव चुकवत नाही. त्यामुळे लांडगामानवाला जखडून ठेवणे, ढकलणे किंवा जमिनीवर पाडणे शक्य असते. त्याचप्रमाणे विषामुळे होणारी इजा आणि विषबाधेची अवस्था यांची नोंद स्वतंत्रपणे केलेली असते. एकापासून संरक्षण आहे म्हणून दुसऱ्यापासूनही आहे, असे गृहीत धरता येत नाही.

भारतीय पुराणांतून या खेळात गेलेला 'राक्षस' हे याहून अवघड उदाहरण. २०१४च्या नियमांनुसार सहाव्या पातळीपर्यंतच्या मंत्रांचा त्याच्यावर, त्याची इच्छा नसेल तर, परिणामच होत नाही. मग तो उभा असलेला पूल मंत्राने पाडला तर? मंत्राचा परिणाम पुलावर झाला, राक्षसावर नव्हे; पडण्याची इजा त्याला होणारच, असा अर्थ शब्दांशी सुसंगत ठरतो. शिवाय सत्प्रवृत्त योद्ध्याच्या हातातील जादूच्या शस्त्राने भोसकल्यास त्याला दुप्पट इजा होते.

बदलते नियम

हा नियम आवृत्तीगणिक बदलत गेला आहे. १९७७च्या दैत्यकोशात चांदीच्या अथवा जादूच्या शस्त्राखेरीज लांडगामानवाला इजाच होत नसे. २००३च्या सुधारित तिसऱ्या आवृत्तीत चांदीचे शस्त्र नसेल तर प्रत्येक घावातून ठराविक गुण वजा होऊ लागले. जोरदार घावाला त्यामुळे थोडे तरी यश मिळे. २०१४मध्ये पूर्ण अभेद्यता परतली आणि २०२५च्या दैत्यकोशातून ती पुन्हा वगळण्यात आली. त्यामुळे वाद सुरू करण्यापूर्वी टेबलावर कोणती आवृत्ती आहे, हे पाहणे श्रेयस्कर.

अभेद्यतेचा हेतू खेळाडूंना हतबल करण्याचा नाही, तर त्यांना वेगळा विचार करायला लावण्याचा आहे. मात्र त्यासाठी उत्तर शोधण्याची संधी हवी. २०१४च्या नियमांत एका शस्त्राला चांदीचा मुलामा देण्यासाठी १०० सुवर्णमुद्रा लागतात. हा खर्च करावा, असे खेळाडूंना आधी वाटले पाहिजे. गावातल्या लोहाराने तसे सुचवणे, दारादारावर चांदीचे तुकडे टांगलेले दिसणे किंवा पहिलाच घाव बसल्यावर 'जखम उमटलीच नाही' असे सूत्रधाराने स्पष्ट सांगणे, एवढा इशारा पुरतो. तो न देता पात्रांचा बळी घेतला गेला, तर नियम पाळला जातो. पण खेळ हरतो.