साथ, सरकार आणि आपण

साथरोग कायदा १८९७ चा, मुंबई-पुण्यातल्या प्लेगच्या धास्तीतून आलेला. प्रवाशांची तपासणी, रुग्णांचं विलगीकरण असे अधिकार त्याने सरकारला दिले. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर थेट माजघरात, देवघरात घुसले. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले. त्याच साथीत रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या.

२०२० मध्ये कोरोनासाठी महाराष्ट्राने हाच कायदा लागू केला. निर्बंध बाजारातली गर्दी रोखतात. पण ताप लपवू नये, अंगावर काढू नये, घरातल्या वृद्धांपासून अंतर राखावं, हे पोलीस घरोघरी बघू शकत नाहीत. ती जबाबदारी आपली. सरकारनेही निर्बंधांचं कारण सांगावं, हातावर पोट असणाऱ्यांची सोय करावी. विश्वास असेल तरच नियम मनापासून पाळले जातात.