पर्यायी वीजपुरवठ्यावरील गृहमंडलांचे संरक्षण

पर्यायी वीजपुरवठ्यावरील गृहमंडलांचे संरक्षण : सार्वजनिक वीजपुरवठा खंडित झाल्यावर इन्व्हर्टर किंवा लहान जनित्र यांवर चालणाऱ्या घरगुती विद्युत् मंडलांत विजेचा धक्का, आग व उपकरणांची हानी टळावी म्हणून जी योजना करतात, तिचा समावेश या विषयात होतो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर भारनियमन झाले व इन्व्हर्टर ही घराघरांतील नित्याची वस्तू बनली. मात्र घरातील तारजोडणी बहुधा केवळ सार्वजनिक पुरवठा गृहीत धरून केलेली असते. विजेचा उगम बदलला की, त्याच तारा व तीच संरक्षक साधने वेगळ्या रीतीने वागतात.

सार्वजनिक पुरवठ्यावरील संरक्षण : भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ असा प्रत्यावर्ती असतो. वितरण रोहित्राचा उदासीन बिंदू जमिनीशी जोडलेला असतो. त्यामुळे फेज तारेचा स्पर्श उपकरणाच्या धातूच्या कवचास झाल्यास भूसंपर्कन तारेतून (अर्थिंगमधून) रोहित्राकडे परत जाणारा मार्ग प्रवाहास मिळतो. तारांतील अतिभार व मंडलसंक्षेप म्हणजे शॉर्ट सर्किट यांपासून वितळतार किंवा एमसीबी हा लघुमंडलखंडक संरक्षण देतो. माणसाच्या संरक्षणासाठी आरसीसीबी या नावाने ओळखला जाणारा मंडलखंडक वापरतात. त्यात फेज व उदासीन या दोन्ही तारा एकाच चुंबकीय गाभ्यातून नेलेल्या असतात. जाणारा व येणारा प्रवाह समान असेतो त्यांचे परिणाम एकमेकांस छेदतात. काही प्रवाह जमिनीकडे गळू लागला की, हा समतोल बिघडतो व मंडल तुटते. घरासाठी हा फरक ३० मिलिअँपिअर ठरविलेला असून तेवढ्या फरकास ०·३ सेकंदाच्या आत मंडल तुटणे अपेक्षित असते. सुमारे १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडून हातातील वस्तू सोडणे कठीण होते आणि ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह टिकून राहिल्यास हृदयक्रिया बिघडण्याचा धोका असतो.

उगम बदलल्याचे परिणाम : पहिला परिणाम प्रवाहाच्या मर्यादेचा आहे. सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ तुटण्यास त्यातून पाच ते दहापट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर, प्रवाह जावा लागतो. रोहित्र तो सहज देऊ शकते. ९०० व्होल्ट-अँपिअर क्षमतेच्या इन्व्हर्टरचा निर्धारित प्रवाह मात्र सुमारे ४ अँपिअर असतो व दोष उद्‌भवला तरी तो त्याच्या फारच थोड्या पटीने वाढतो. अशा वेळी एमसीबी तत्काळ तुटत नाही. संरक्षण इन्व्हर्टरमधील इलेक्ट्रॉनीय मर्यादकावरच अवलंबून राहते. आरसीसीबीला थोडा प्रवाह पुरत असल्याने तो येथे अधिक उपयुक्त ठरतो. मात्र गळणाऱ्या प्रवाहास उगमाकडे परतण्याचा मार्ग हवा.

दुसरा परिणाम याच मार्गाशी निगडित आहे. सुट्या जनित्राची वेटोळी किंवा इन्व्हर्टरचे प्रदान जमिनीशी जोडलेले नसेल, तर तो उगम ‘तरंगता’ राहतो. फेज तारेचा कवचाला झालेला पहिला स्पर्श मग नजरेस येत नाही. प्रवाह वाहत नाही व आरसीसीबीही तुटत नाही. दुसऱ्या तारेत दोष निर्माण झाला की, दोन उपकरणांच्या कवचांमध्ये पूर्ण विद्युत् दाब येऊ शकतो. आरसीसीबीवरील चाचणीची कळ या बाबतीत फसवी ठरते. ती फेज व उदासीन या तारांमध्येच थोडा प्रवाह सोडते. तिला जमिनीची गरज नसते. म्हणून कळ दाबल्यावर मंडल तुटले, तरी भूसंपर्कन योग्य असल्याचे त्यावरून सिद्ध होत नाही.

तिसरा परिणाम साधनाच्या स्थानाचा आहे. मुख्य फलकावरील आरसीसीबी इन्व्हर्टरच्या आधी असतो. तो तुटला तरी इन्व्हर्टरपुढील मंडले विजेपासून अलग होत नाहीत. उलट, पुरवठा गेला असे समजून इन्व्हर्टर सदोष मंडलास पुन्हा वीज देऊ लागतो. मुख्य स्विच बंद केल्यावर ‘घरात वीज नाही’ असे समजून दुरुस्तीस हात घालणे याच कारणाने घातक ठरते.

योजावयाचे उपाय : इन्व्हर्टरच्या प्रदानानंतर ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी बसवावा आणि त्यावरील मंडलांची उदासीन तार स्वतंत्र न्यावी. ती इतर मंडलांच्या उदासीन पट्टीस जोडल्यास परतणारा प्रवाह आरसीसीबीला वगळून जातो व दिवा लावताच मंडल तुटते. हा दोष साधनाचा नसून जोडणीचा असतो. तो न शोधता आरसीसीबीच काढून टाकणे म्हणजे संरक्षणाचा त्याग होय. पर्यायी उगमाची उदासीन तार जमिनीशी जोडायची असल्यास तो जोड आरसीसीबीच्या उगमाकडील बाजूस असावा आणि सार्वजनिक पुरवठा दोन्ही तारांनिशी अलग असतानाच कार्यान्वित व्हावा. अन्यथा उदासीन तारेतील प्रवाहाचा काही भाग भूसंपर्कन तारेतून वाहू लागतो.

जनित्र घरास जोडताना दोन्ही उगम एकाच वेळी जोडले जाणार नाहीत असा द्विध्रुवी चेंजओव्हर स्विच अनिवार्य मानावा. जनित्राची वीज भिंतीतील सॉकेटमधून घरात सोडल्यास ती बाहेरील वाहिनीत शिरते. वितरण रोहित्र उलट दिशेने कार्य करून ११,००० व्होल्टच्या बाजूसही दाब निर्माण करू शकते. बंद समजून वाहिनीवर चढलेल्या कामगाराचा यात बळी जाऊ शकतो.

घटमालेकडील दाब १२ किंवा २४ व्होल्ट इतकाच असल्याने ती निरुपद्रवी वाटते; परंतु १२ व्होल्टवर ७०० वॉटचा भार चालविताना, इन्व्हर्टरमधील व्यय धरून, सुमारे ७० अँपिअर प्रवाह लागतो आणि मंडलसंक्षेप झाल्यास तो हजार अँपिअरपलीकडे जाऊ शकतो. म्हणून धन अग्राजवळच एकदिश प्रवाहासाठी बनविलेली वितळतार बसवावी. शिसे-अम्ल घटमालेतून भारण होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो व हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेल्यास तो ठिणगीने पेटू शकतो. त्यामुळे जागा हवेशीर ठेवावी.

नियम व तपासणी : केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने सुरक्षाविषयक विनियम २०१० मध्ये व त्यांच्या जागी नवे २०२३ मध्ये प्रसृत केले. भूसंपर्कनासाठी आयएस ३०४३ व तारजोडणीसाठी आयएस ७३२ ही भारतीय मानके आहेत. घरात दोन उगम असल्याची सूचना मुख्य फलकावर ठळकपणे लावावी. परवानाधारक तारतंत्रीने सार्वजनिक व पर्यायी अशा दोन्ही पुरवठ्यांवर फेज व भूसंपर्कन यांमध्ये परीक्षक लावून मंडल तुटते किंवा नाही हे स्वतंत्रपणे तपासावे. एका पुरवठ्यावर चाचणी यशस्वी झाली म्हणून दुसऱ्यावरही संरक्षण मिळते, असे गृहीत धरता येत नाही.