राहुलोवाद आणि आत्मविकास : ध्यान व दैनंदिन आचरण यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना :
बौद्ध परंपरेत मनाच्या साधनेला 'भावना' ही संज्ञा आहे. पाली भाषेत तिचा अर्थ वाढविणे, विकसित करणे असा होतो. ध्यान हे मूलतः माणसाच्या घडणीचे साधन आहे, हे या संज्ञेतूनच सूचित होते. आधुनिक जीवनात मात्र ध्यानाकडे बहुधा ताणतणावावरील उपाय म्हणून पाहिले जाते आणि आचरणाचा प्रश्न बाजूला पडतो. पहाटे तासभर शांत बसणारी व्यक्ती दिवसभर घरात व कार्यालयात कठोर बोलत असेल, तर त्या ध्यानाने काय साधले? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात मज्झिमनिकायातील दोन सुत्तांच्या आधारे केला आहे. भगवान बुद्धांनी आपला पुत्र राहुल याला केलेला उपदेश हा या दोन्ही सुत्तांचा विषय आहे.

आचरणाचा आरसा :
'अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त' हे मज्झिमनिकायातील ६१ वे सुत्त होय. अट्ठकथेनुसार त्या वेळी राहुल सात वर्षांचा होता. पाय धुतल्यावर भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून, जाणूनबुजून खोटे बोलण्याची लाज नसणाऱ्याचे श्रामण्य तेवढेच अल्प असते, असे बुद्ध त्याला सांगतात. त्यानंतर आरशाचा दृष्टांत येतो. आरसा जसा पाहण्यासाठी, तसे काया, वाचा व मन यांचे प्रत्येक कर्म पुन्हापुन्हा पारखून करावे. ही पारख कर्मापूर्वी, कर्म करताना आणि कर्मानंतर अशी तिन्ही वेळी करावयाची असते. या कर्माने स्वतःला वा इतरांना पीडा होईल काय, हाच तिचा निकष आहे. काया-वाचेची चूक झाल्यास ती जाणत्यांपुढे उघड करून पुढे संयम पाळावा. कर्म कुशल असल्यास आनंदाने अभ्यास चालू ठेवावा. येथे अपराधभावनेत खितपत राहण्यास वाव नाही, ही बाब लक्षणीय आहे.

सम्राट अशोकाने बैराट येथील शिलालेखात मृषावादाविषयीच्या राहुलोवादाचा आवर्जून उल्लेख केला असून भिक्षू-भिक्षुणींबरोबरच उपासक-उपासिकांनीही अशा धम्मपर्यायांचे श्रवण-चिंतन करावे, अशी इच्छा व्यक्त केली आहे. हा उपदेश केवळ विहारापुरता मानला जात नव्हता, हे यावरून दिसते. मराठी वाचकांना या शिलालेखातील सुत्तांची ओळख धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांच्या लेखनातून झाली.

श्वासावरील स्मृती :
६२ व्या 'महाराहुलोवाद सुत्ता'त आनापानस्मृतीचा, म्हणजे आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या श्वासाविषयी जागरूक राहण्याचा उपदेश आहे. पृथ्वीवर शुद्ध-अशुद्ध काहीही टाकले तरी ती किळस करीत नाही. मनही तसे करावे, असे बुद्ध सांगतात. ग्रंथातील सुत्तांचा क्रमही बोधप्रद आहे. आधी सत्य व आत्मपरीक्षण, मग श्वास. शीलाच्या पायावर समाधी आणि समाधीतून प्रज्ञा, ही बौद्ध शिक्षणाची चौकट येथे प्रत्ययास येते.

दैनंदिन सवयींचे स्थान :
सतिपट्ठान सुत्तात चालणे, वाकणे, खाणे, पिणे, बोलणे व मौन राहणे या साऱ्या क्रिया सजगतेने करण्यास सांगितले आहे. सवय ही बहुधा नकळत घडते. अप्रिय शब्द कानी पडताच शरीरात संवेदना उमटते आणि तिच्यामागोमाग प्रतिक्रिया येते. श्वासाच्या अभ्यासाने या दोहोंमधील क्षण ओळखता येऊ लागतो. त्या क्षणी राहुलाला शिकविलेला प्रश्न विचारता आला, तर जुनी सवय बदलण्याची संधी मिळते.

इगतपुरी येथील धम्मगिरी केंद्रात सत्यनारायण गोयंका (१९२४-२०१३) यांच्या परंपरेतील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा आरंभही शीलग्रहणाने होतो. पहिले तीन दिवस आनापानाचा अभ्यास असतो. घरी परतल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास साधना करण्याचा सल्ला दिला जातो. शिबिर ही सुरुवात असून खरी कसोटी दैनंदिन व्यवहारात लागते, हेच यातून सूचित होते.

समारोप :
ध्यानाविना आत्मपरीक्षण वरवरचे राहण्याचा आणि आत्मपरीक्षणाविना ध्यान आत्मरंजन ठरण्याचा धोका असतो. बोलण्यापूर्वी क्षणभर थांबणे, चूक झाल्यास ती मान्य करणे आणि पुन्हा प्रयत्न करणे या लहान सवयींतच आत्मविकासाचे बीज आहे. सात वर्षांच्या मुलाला समजेल असा हा मार्ग आहे. मात्र तो आचरण्यासाठी आयुष्यभराचा अभ्यास आवश्यक आहे.